आप्पांच्या नावाचे सुटे दगड

आप्पा, तुमच्याबद्दल गावात एक नवं खोटं सुरू झालं आहे, आणि ते सुरू झालं तेव्हा मी स्टेजवर खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते. प्रवरेवरचा आपला बंधारा इतक्या वर्षांनी पुन्हा बांधून झाला, त्याचं जलपूजन होतं. फ्लेक्सवर तुमचा फोटो होता, तोच, ज्यात तुम्ही मनगटावरचं घड्याळ दिसावं म्हणून हात छातीशी धरला आहे. शेजारी माझा फोटो, आणि खाली लिहिलेलं, ‘समुद्रात दगड बसवणारी आपल्या गावची कन्या’. मी दगड बसवत नाही, टाकते. पण फ्लेक्सवाल्याला काय त्याचं, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही कधी त्यातला फरक कळला नाही. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की कुणी तुमची निंदा करत नाही, आणि ज्याची निंदा थांबली तो माणूस आपल्याकडे हां हां म्हणता संत होतो.

मी काय करते ते तुम्ही असताना सांगायची वेळ आली नाही, म्हणून आधी ते सांगते. मी केडगावच्या फ्लॅटमध्ये बसून पुण्याच्या एका ऑफिसचं काम करते. परक्या देशांच्या समुद्रात पवनचक्क्या उभ्या करतात. त्यातली एकेक चक्की एका पोलादी नळावर उभी असते, आणि तो नळ इतका रुंद की आत आपला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट उभा राहील. हा नळ समुद्राच्या तळाच्या वाळूत ठोकतात. मग भरती-ओहोटीचं पाणी येतं, नळाला अडतं, त्याच्या अंगावरून खाली बुडी मारतं आणि पायथ्याशी घुमत घुमत वाळू उकरून नेतं. नदीत घोटाभर पाण्यात उभं राहिलं की टाचेखालची वाळू सरकते ना, तसंच. उकरू दिलं तर नळाभोवती विहिरीएवढा खड्डा पडतो. तो पडू नये म्हणून पायथ्याशी दगडांचं अंथरूण घालायचं. कुठले दगड, केवढे, किती जाड थर, कुठपर्यंत, हे ठरवणं म्हणजे माझी नोकरी. शेजारच्या काकूंना हे समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, “म्हंजी तू हितं पंख्याखाली बसून तकडं समुद्रात धोंडे टाकती व्हय? आन त्याला कालेज लागतं?” मी म्हटलं, लागतं. त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

यात सगळ्यात पहिली चूक सगळे एकच करतात. मोठेच्या मोठे दगड टाका म्हणतात. मोठा दगड हलत नाही हे खरं, पण दोन मोठ्या दगडांच्या फटीतून खालची वाळू बिनबोभाट निघून जाते आणि मग तो न हलणारा दगड जागच्या जागी बुडतो. म्हणून आधी बारीक दगडांचा थर, वाळू दाबून धरायला, आणि त्यावर मोठे, बारकांना धरून ठेवायला. आणि कडेला जास्तीचे दगड सोडायचे. कारण कड खचणारच. समुद्र कुठेतरी उकरणारच, आपण फक्त त्यानं कुठे उकरायचं ते ठरवतो. कड खचली की तिथले सुटे दगड आपणहून घरंगळतात आणि खड्ड्याच्या उतारावर जाऊन बसतात. बसवायला कुणी नको, सांगायला कुणी नको. दगड सुटा असला पाहिजे, एवढंच. जहाजावरून लांबलचक नळीतून हे दगड खाली सोडतात, मग आवाजाच्या लहरी सोडून तळाचं चित्र काढतात. चित्रात दिसतो तो निव्वळ उकिरडा. मला तो फार सुंदर वाटतो. आणि दर वेळी मनात येतं, आप्पांनी हे पाहिलं असतं तर माणसं लावून सरळ करायला लावलं असतं.

आपलं स्वयंपाकघर आठवतं का? म्हणजे आईचं. तुम्ही त्यात कधी शिरला नाहीत, पण ते दारातून कसं दिसतं याची काळजी सगळी तुमची. बैठकीतून समोर दिसेल अशी ती मांडणी, तिच्यावर स्टीलची भांडी, मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत आलेली, प्रत्येकावर तुमचं नाव घातलेलं, पुढे ‘चेअरमन’. पाणी सोसायटीचे चेअरमन तुम्ही, पण नाव घातलं होतं वाट्यांवरसुद्धा. त्या भांड्यांत कधी काही शिजलं नाही. आई भाजी करायची ती मागच्या पडवीत, पोचे पडलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, जिथे पाहुण्याची नजर जात नाही. एकदा मी घाईत एक डबा उलटा ठेवला, नाव भिंतीकडे गेलं. तुम्ही पाहुण्यांच्या समोर हाक मारलीत. “हे काय हाय? लोकं काय म्हनतील, चेअरमनच्या घरात वळन न्हाई?” मी डबा फिरवला. पाहुणे हसले. मला तेव्हा तुमचा धाक वाटला होता. आज त्या दृश्याकडे पाहते तेव्हा वाटते ती निव्वळ कीव, आणि तीही आईची जास्त.

आता बंधाऱ्याचा तो दिवस. मी सातवीत आहे. शाळा नदीपलीकडे, आणि पलीकडे जायची वाट बंधाऱ्यावरून. आमच्या गावच्या पोरी ओळीनं दप्तरं घेऊन चालतात, एका बाजूला अडलेलं हिरवं पाणी, दुसऱ्या बाजूला खाली दगडांचा ढीग. हे दगड बंधारा बांधणाऱ्यांनी मुद्दाम टाकून ठेवलेले, पाणी वरून पडतं तिथे नदीनं तळ उकरू नये म्हणून. ओबडधोबड, काळे, फटींमधून घाणेरी उगवलेली. आणि तुमच्या सोसायटीनं जलपूजनाला कुणा बड्या पाहुण्याला बोलावलं आहे. तुम्ही बंधाऱ्यावर उभे, कंबरेवर हात. “पाव्हना कुठं हुभा राहनार? ह्या उकिरड्यावर? सरळ करा समदं.” आठवडाभर माणसं राबतात. दगड उचलून सपाट तोंड वर करून बसवले जातात, फटीत सिमेंट भरलं जातं, कडेला गेरू आणि चुन्याचे पट्टे. घाटासारखं झालं सगळं. पाहुणा आला, नदीची साडीचोळीनं ओटी भरली, नारळ फुटला, आणि तो म्हणाला, “काम देखणं झालंय, चेअरमन.” तुम्ही ते वाक्य मरेपर्यंत सांगत राहिलात. मला पाठ आहे, ते सांगताना कुठे थांबायचात तेसुद्धा.

पुढच्या पावसाळ्यात नदी आली. मोठी आली, पण आधीही तशी आली होती. सुटे दगड असते तर कडेचे चार घरंगळले असते, खड्डा झाकला गेला असता, गावाला कळलंही नसतं. तुम्ही त्यांची फरशी केली होती. फरशी घरंगळत नाही. खालची वाळू निघून गेली तरी ती वर तशीच राहते, ताठ. खाली पोकळी आणि वर इस्त्री. एका पहाटे ती अख्खी मोडून पडली, आणि तिच्यामागून पायथा उघडा पडलेला बंधाऱ्याचा मधला भाग. सकाळी आम्ही पोरी काठावर उभ्या राहून पाहत होतो. आमची वाट मधूनच तुटली होती, आणि पलीकडे शाळेचा झेंड्याचा खांब दिसत होता.

मोठ्या पुलावरून शाळा फार लांब पडायची. मुलगे सायकलीनं जाऊ लागले. मुलींना कोण सायकल देतो? माझ्या शेजारी बसायची ती पुढच्या उन्हाळ्यात नवरी झाली. मला तुम्ही संगमनेरला आत्याकडे ठेवलंत, कारण चेअरमनची मुलगी घरी बसली तर लोक काय म्हणतील. निघताना मला नवा कोरा स्टीलचा डबा दिलात. मी झाकण पाहिलं. तुमचं नाव, पुढे चेअरमन. माझ्या डब्यावर तुमचं नाव, आप्पा! आत्याकडच्या मुलांनी मला वर्षभर ‘चेअरमन’ म्हणून चिडवलं. आई मला शनिवारी भेटायची, मग महिन्यानं, मग सणाला. आम्ही दोघी पुन्हा कधी एका घरात सलग राहिलो नाही. ही गोष्ट मी तुम्हाला कधीच माफ केलेली नाही, आणि आज काही मोठं मन वगैरे दाखवायला हे लिहीत नाहीये.

आणि तुम्ही काय केलंत? पार बैठक मांडून लोकांना सांगितलंत की प्रवरामाई कोपली. ओटीत काहीतरी कमी राहिलं. पुन्हा साडी नेलीत, पुन्हा नारळ. स्वतःच्या अंगावर आलेलं नदीच्या पदरात टाकून मोकळे. आई तेवढी पडवीतून म्हणाली होती, “तिला कशाला नावं ठिवता? ती तिच्या वाटंनं चालली हुती.” तुम्ही तिच्याकडे वळूनही पाहिलं नाहीत. तुम्हाला ऐकू आलं होतं, मी पाहत होते.

तुम्ही एकटेच असे असता तर बरं झालं असतं. परवा एका मीटिंगमध्ये समोरच्या कंपनीचा एक साहेब, सुटाबुटातला, आमच्या दगडांचं चित्र पाहून म्हणाला की हे जरा सपाट करता येईल का, वरच्या मंडळींना दाखवायचं आहे, खडबडीत फार दिसतंय. समुद्राच्या तळाशी, आप्पा! जिथे मासेसुद्धा अंधारात चाचपडतात तिथे त्याला देखणं काम हवं होतं. मी फसकन हसले. माइक चालू होता. मग घसा साफ करून त्याला सांगितलं की दगडांना दिसणं हे काम दिलेलं नाही, त्यांना पडून राहणं हे काम दिलं आहे आणि वेळ आली की घरंगळणं. त्यानं चित्राचा रंग तरी बदला म्हटलं. रंग बदलून दिला. अशा माणसांना रंग दिला की ती गप्प बसतात, हे मी तुमच्याकडून शिकले.

तर नवा बंधारा. आता सरपंच तुमच्या धाकट्या भावाचा मुलगा आहे. त्यानं मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. आदल्या दिवशी दुपारी मी पोहोचले आणि सरळ नदीवर गेले. इंजिनिअरांनी काम चांगलं केलंय. खाली बारीक खडी, वर मोठे दगड, कडेला भरपूर जास्तीचे, सगळे सुटे. मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. मग वळले तर झाडाखाली सिमेंटच्या गोण्यांची थप्पी, वाळूचा ढीग, आणि मिक्सर. शेजारी लाल रंगाची पत्र्याची मोठाली अक्षरं आडवी टाकलेली, ‘आय लव्ह’ आणि पुढे आपल्या गावाचं नाव.

“सेल्फी पॉइंट करायचाय, ताई,” सरपंच म्हणाला. तो खुशीत होता. “आप्पांच्या येळंला कसं हुतं, आगदी घाटावानी. तसंच करायचं. दगड सरळ करून सिमिट मारतो, वर ही आक्षरं. आन आप्पांच्या नावाची पाटी. उद्या पाव्हन्यांच्या, म्हंजी तुमच्याच, हातनं कामाचा नारळ फोडू.”

“आप्पांनी तसं केलं म्हणूनच बंधारा गेला,” मी म्हणाले.

“पूर आला हुता, ताई. प्रवरामाईपुढं कुनाचं चालतं व्हय?”

मी त्याला दगडांवर खाली नेलं. सगळं सांगितलं, वाळू, फट, पोकळी, कड. समुद्रातलं सांगितलं, तुमचं सांगितलं. आवाज चढला माझा. तेवढ्यात पलीकडची शाळा सुटली आणि पोरी बंधाऱ्यावरून येऊ लागल्या. दोन वेण्या, पाठीला दप्तरं, कुणी सायकल हातात धरून. एक थांबून आमच्या भांडणाकडे पाहत होती. मी त्याला म्हटलं, “तुझी मुलगी यात कुठली?” त्यानं बोट केलं. “मग कर सिमेंट,” मी म्हणाले, “आणि तिच्यासाठी संगमनेरला खोली बघून ठेव.”

माणूस मूर्ख नाही, आपल्याच घरातला आहे, एवढाच त्याचा दोष. मग डोकं खाजवत म्हणाला, “पटतंय, ताई. पन गावाला काय सांगू? समदे म्हनत्यात, आप्पांवानी करा. आप्पांचं चुकलं म्हनलं तर मला खालीच वडतील. ह्यात आप्पांचा मान जातो.” आणि मग त्याचे डोळे चमकले. खरंच चमकले, आप्पा, तुमचेच डोळे. “आसं करू का? आप्पाच म्हनले हुते म्हनतो. जाताना सांगून गेले, दगड सुटे ठिवा. मंग कोन बोलतंय?”

म्हणजे ज्या एका गोष्टीनं मी तुमच्यापासून वेगळी झाले, जी शिकायला मी इतकी वर्षं घालवली, ती तुमच्या नावावर. पुन्हा माझ्या डब्यावर तुमचं नाव. मला त्या क्षणी त्याचा, तुमचा, अख्ख्या गावाचा असा काही तिटकारा आला की परत गाडीत बसून केडगाव गाठावं. पोरी अजून येत होत्या. मी म्हटलं, “म्हण.”

दुसऱ्या दिवशी तो माइकवर म्हणाला, आणि नुसतं म्हणून थांबेल तर तुमचा पुतण्या कसला! शेवटच्या आजारात तुम्ही त्याचा हात हातात घेतलात म्हणे, आणि म्हणालात, ‘बाळा, दगडाला मोकळा ठिव, त्यो तुला सांभाळील.’ बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तुम्ही शेवटच्या आजारात काय म्हणालात ते मला माहीत आहे, मी उशाशी होते. तिरडीवर चांगलं धोतर घाला म्हणालात. एवढ्यात पुढच्या रांगेतला एक म्हातारा काठी टेकत उठला आणि म्हणाला, “व्हय, माज्यापशी बी बोलले हुते. लई लांबचं बघायचे चेअरमन.” टाळ्या पडल्या. मी वाजवल्या. लाल अक्षरं वर रस्त्याच्या कडेला उभी राहिली, सिमेंटच्या गोण्या देवळाच्या कट्ट्याला गेल्या, आणि बंधाऱ्याच्या टोकाला रातोरात कोरून आणलेली ग्रॅनाइटची पाटी लागली. तिच्यावर तुमचं नाव आहे, आणि खाली, ‘यांच्या मार्गदर्शनानुसार येथील दगड सुटे ठेवले आहेत. कोणीही हलवू अथवा जोडू नयेत.’ ते शेवटचं वाक्य माझं आहे. नियम लावला असता तर कुणी पाळला नसता, सरकारी सूचना लावली असती तर तिच्यावर पानाच्या पिचकाऱ्या पडल्या असत्या. पण मेलेल्या चेअरमनचा शब्द मोडायची हिंमत या गावात कुणाची नाही. ते दगड तुमच्या नावामुळे सुटे राहणार आहेत. आजवर तुमच्या नावानं झालेलं हे पहिलं उपयोगाचं काम, आणि ते करायला तुम्हाला मरावं लागलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकणार तरी कुठे? लिहून झालं की तुमच्या त्या डब्यात ठेवीन. त्यात मी पेनं आणि खोडरबर ठेवते. झाकण घट्ट बसतं अजून.

एक मात्र सांगायचं राहिलं. जेवणावळ उठल्यावर सगळे पांगले तेव्हा मी एकटीच खाली दगडांवर उतरले होते. पाटीच्या बरोबर खाली, कडेला, एक दगड वेडावाकडा पडला होता, त्याची सपाट बाजू खाली गेलेली. मी वाकून तो उलटा केला, तोंड वर आणलं, टाचेनं दाबून नीट बसवला आणि दोन पावलं मागे होऊन पाहिला. देखणा दिसत होता. एका दगडानं काही बिघडत नाही, हे मी हिशेबानं सिद्ध करून देऊ शकते. मी तो तसाच ठेवून आले.